गावचे सार्वजनिक वाचनालय : कामकाज आणि पुढील सेवांचे नियोजन

प्राथमिक शाळेत मूल वाचावयास शिकते. हे वाचन आयुष्यभर टिकावे, ही जबाबदारी मात्र शाळेला एकटीने पार पाडता येत नाही. शाळा सुटली, पाठ्यपुस्तके माळ्यावर गेली आणि घरात वाचावयास दुसरे काही नसले, म्हणजे वाचनाचा वेग हळूहळू मंदावतो, लिहिण्याची सवय मोडते आणि पुढे साधा अर्ज समजून घेण्यासाठीही दुसऱ्याच्या दारी जावे लागते. शिक्षकाचे कित्येक वर्षांचे श्रम अशा रीतीने वाया जातात. म्हणून गावातील सार्वजनिक वाचनालय हा शाळेबाहेरचा विषय नसून शाळेच्याच कार्याचा उत्तरार्ध होय. प्रस्तुत पाठात ह्या दृष्टीने वाचनालयाच्या कामकाजाचा आणि त्याच्या भावी सेवांचा विचार केला आहे.

१. पूर्वपीठिका

शिक्षण आणि ग्रंथालय ह्यांचा हा संबंध बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी अचूक ओळखला होता. १९०६ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० साली विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानभर ग्रंथालयांची योजना सुरू केली. तीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या होत्या. गावाने वाचनालयासाठी जितकी रक्कम जमवावी, तितकीच स्थानिक पंचायतीने व तितकीच सरकारने द्यावी, ही पहिली. आणि जेथे वाचनालय नाही तेथे लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये पाठवावीत, ही दुसरी.

महाराष्ट्रात रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे. परंतु ही परंपरा दीर्घकाळ नगरांपुरतीच राहिली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा नवसाक्षरांच्या हाती सतत काहीतरी वाचावयास देत राहण्याचा प्रश्न खेड्यापुढे ठळकपणे आला. पुढे १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला. लोकांनी संस्था स्थापून वाचनालय चालवावे आणि शासनाने त्यास मान्यता व अनुदान द्यावे, अशी आपल्या राज्याची पद्धती आहे. वाचनालयांचे अ, ब, क व ड असे वर्ग असून खेड्यातील वाचनालय बहुधा ड वर्गापासून आरंभ करते. अर्थात वाचनालयाचे जगणे शेवटी गावकऱ्यांच्या आस्थेवरच अवलंबून असते.

२. दैनंदिन कामकाज

लहान वाचनालयास चार नोंदवह्या पुरेशा होतात.

(अ) दाखल नोंदवही : प्रत्येक ग्रंथास क्रमांक देऊन ग्रंथाचे नाव, लेखक, किंमत, देणगी की खरेदी, ही माहिती लिहावी.
(आ) सभासद नोंदवही : नावासोबत वय, व्यवसाय, वस्ती आणि स्त्री वा पुरुष, हे अवश्य लिहावे. ह्या रकान्यांचा उपयोग पुढे स्पष्ट होईल.
(इ) देवघेव नोंदवही : कोणता ग्रंथ, कोणाकडे, केव्हा गेला व केव्हा परत आला.
(ई) मागणी वही : वाचकाने मागितलेला व वाचनालयात नसलेला ग्रंथ किंवा विषय.

ह्यांपैकी चौथी वही फार थोड्या ठिकाणी आढळते. परिणामी ग्रंथखरेदी करताना वाचकाची गरज बाजूस राहते आणि विक्रेत्याची यादीच प्रमाण मानली जाते.

ग्रंथांची मांडणी विषयवार असावी आणि कपाटे वाचकांस उघडी असावीत. कुलूपबंद कपाटापुढे उभा राहिलेला नवा वाचक काय मागावे हे न कळून परत जातो. कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे, म्हणजे ओल व वाळवी ह्यांपासून ग्रंथांचे रक्षण करणे सोपे जाते. पावसाळ्यानंतर सर्व ग्रंथांस एकदा हवा देऊन झटकावे.

३. वाचनालयाचे मोजमाप

वाचनालयात ग्रंथ किती आहेत, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. घरी किती गेले व कोणाच्या घरी गेले, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका वाचनालयात १,२०० ग्रंथ व १५० सभासद असून वर्षभरात ९०० वेळा ग्रंथ घरी गेले. आकडा समाधानकारक वाटतो. परंतु देवघेव वही उलगडून पाहता असे दिसले की, त्यांपैकी ६४० वेळा ग्रंथ नेणारे सभासद केवळ २५ होते. उरलेल्या १२५ जणांनी मिळून २६० ग्रंथ नेले. म्हणजे माणशी वर्षाला जेमतेम दोन. शिवाय १५० सभासदांत स्त्रिया अवघ्या २० निघाल्या आणि दूरच्या वस्तीवरील एकही नाव नव्हते.

असे वाचनालय बंद पडलेले नसते. पण ते गावाचेही झालेले नसते. भावी सेवांची आखणी करावयाची ती ह्याच ठिकाणापासून. जे येतात त्यांची यादी आपल्याजवळ असतेच. जे येत नाहीत त्यांची यादी करणे, हे नियोजनाचे पहिले पाऊल होय.

४. न येणाऱ्यांसाठी सेवा

शाळा सोडलेली मुले : शाळेचा अखेरचा वर्ग पूर्ण करणाऱ्या मुलामुलींची यादी मुख्याध्यापकांनी दरवर्षी वाचनालयास द्यावी आणि निरोपाच्या दिवशीच त्यांना सभासद करून घ्यावे. पुढील शिक्षणासाठी एस. टी.ने बाजारगावी जाणाऱ्या मुली सायंकाळी परततात. वाचनालय त्यापूर्वीच बंद होत असेल, तर त्यांच्यासाठी ते नसल्यासारखेच आहे. वेळ ठरविताना एस. टी.चे वेळापत्रक पाहावे.

स्त्रिया : वाचनालय चावडीजवळ किंवा पारावर असेल, तर तेथे पुरुषांची बैठक असते व स्त्रिया येण्यास संकोचतात. अशा वेळी ग्रंथांनीच त्यांच्याकडे जावे. बचत गटाच्या मासिक बैठकीत वीस ग्रंथांची पेटी न्यावी व पुढील बैठकीत ती बदलावी. बडोद्याच्या पेटीचे तत्त्व येथेही उपयोगी पडते. सातारा जिल्ह्यातील भिलार हे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथेही घराघरांत ग्रंथ ठेवल्यामुळे ते माणसांच्या वावराच्या जागी आले.

स्थलांतरित कुटुंबे : ऊसतोडीच्या हंगामात मुले आईवडिलांबरोबर बाहेरगावी जातात. जाताना त्यांच्या हाती दोन-दोन पुस्तके द्यावीत. पुस्तके हरवतील ही भीती अनाठायी नाही. परंतु दहांपैकी दोन हरवली तरी आठ वाचली जातील. कपाटात राहिलेली दहाच्या दहा सुरक्षित राहतील, पण ती कोणाच्याही उपयोगी पडणार नाहीत.

वृद्ध व वाचता न येणारे : आठवड्यातून एक दिवस प्रकट वाचन ठेवावे. वरच्या वर्गातील मुलांनी वर्तमानपत्र, शेतीविषयक माहिती किंवा एखादी गोष्ट मोठ्याने वाचावी. ह्यात वृद्धांचे मनोरंजन होते, तसाच मुलांचा वाचनाभ्यासही होतो.

संगणक व भ्रमणध्वनी : मराठी विश्वकोश आणि ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक आता विनामूल्य वाचता येतात. वाचनालयात एक संगणक व तो दाखविणारा एक जाणता तरुण असल्यास ग्रंथांची उणीव पुष्कळ अंशी भरून निघते.

५. नियोजन कसे करावे

सर्व सेवा एकाच वर्षी सुरू करू नयेत. पहिल्या वर्षी एक सेवा निवडावी, तिचा खर्च, दिवस, वेळ व जबाबदार व्यक्ती ठरवावी आणि वर्षअखेर देवघेव वहीवरून तिचे फळ पाहावे. फळ दिसले तरच दुसरी हाती घ्यावी.

येथे एका धोक्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. गावोगावी असे आढळते की, एखाद्या उत्साही शिक्षकाने सुरू केलेला उपक्रम त्याची बदली होताच संपतो. पेटी शाळेच्या कोपऱ्यात पडून राहते आणि तिची किल्ली कोणाकडे आहे, हेही कोणास ठाऊक नसते. ह्यावर उपाय एकच. सेवा कार्यकारी मंडळाच्या ठरावाने सुरू व्हावी, तिची कार्यपद्धती इतिवृत्तात लिहिली जावी आणि प्रत्येक कामास गावातीलच दोन माणसे नेमलेली असावीत. शिक्षकाने मार्गदर्शन करावे; किल्ली मात्र गावाच्या हाती द्यावी. शिक्षक गेल्यावरही पेटी फिरत राहिली, तरच त्याचे कार्य सिद्धीस गेले असे समजावे.

६. केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

(१) आपल्या गावच्या वाचनालयातून गेल्या वर्षी किती वेळा ग्रंथ घरी गेले? त्यांपैकी स्त्रियांकडे किती?
(२) गेल्या तीन वर्षांत आपली शाळा सोडून गेलेल्या मुलांपैकी किती जण आज वाचनालयाचे सभासद आहेत?
(३) आपल्या शाळेच्या परिसरातील कोणत्या वस्तीवर एकही ग्रंथ जात नाही? तेथे पेटी नेण्याचे काम कोण करू शकेल?
(४) ज्या गावी वाचनालय नाही, तेथे शाळेच्या ग्रंथपेटीतून आरंभ कसा करता येईल?