तिसरा बिंदू कशासाठी?

अन्वी : मावशी, २क्ष + ३य = १२ चा आलेख काढायचाय. क्ष १ घेतला तर य आला दहा तृतीयांश. आता हा बिंदू कागदावर नेमका कुठे मांडू?

मावशी : क्षची किंमत आपणच निवडायची असते. मग सोयीची निवड. आधी क्ष ० घे.

अन्वी : ३य = १२, म्हणजे य ४. बिंदू (०, ४).

मावशी : आता य ० घे.

अन्वी : क्ष ६. बिंदू (६, ०). दोन झाले. पट्टी ठेवून रेघ मारू?

मावशी : थांब. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते हे खरं, पण त्यातला एक चुकला तरी पट्टी सरळ रेघच देणार. चूक पकडायला तिसरा साक्षीदार हवा. क्ष ३ घे.

अन्वी : ६ + ३य = १२, य २. (३, २) मांडला. तिन्ही एका रेषेत आले!

मावशी : आणि बिंदू लांब लांब आहेत, हेही बरं. १ सेंमी अंतरावरच्या दोन बिंदूंपैकी एक जरी अर्धा मिमी सरकला, तरी १० सेंमीवर रेषा ५ मिमी ढळते.

अन्वी : पण आलेख सरळच का येतो?

मावशी : क्ष ०, ३, ६ होताना य काय झाला?

अन्वी : ४, २, ०. दर वेळी ३ घरं उजवीकडे, २ घरं खाली.

मावशी : हे प्रमाण कुठेच बदलत नाही, म्हणून रेषा वळत नाही. दोन्ही टोकांना बाण काढ, कारण ती पुढेही चालूच राहते.

अन्वी : मग माझा तो दहा तृतीयांशवाला बिंदूही हिच्यावर असेल?

मावशी : असणारच. रेषेवरचा प्रत्येक बिंदू समीकरणाची उकल आणि प्रत्येक उकल या रेषेवर. फ्रेंच गणिती रेने देकार्त यांनी १६३७ साली बीजगणित आणि भूमिती यांची सांगड घातली, ती हीच. आता त्याच कागदावर क्ष – य = १ काढ.

अन्वी : (१, ०), (०, –१), (५, ४)... ही पहिल्या रेषेला (३, २) वर छेदते.

मावशी : दोन्ही समीकरणांत घालून बघ.

अन्वी : ६ अधिक ६, १२. ३ वजा २, १. दोन्ही जुळली! म्हणजे एकसामयिक समीकरणांची उकल आलेखावर दिसते!