छापील कार्ड आणि खरी नोंद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच २०२३ च्या शासन निर्णयाने, शिधापत्रिकेचा रंग न पाहता, राज्यातील सर्व कुटुंबांना खुले झाले आणि प्रति कुटुंब वार्षिक मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. बुलढाण्यासह चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरी तर त्याआधीपासूनच पात्र होते. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारसारख्या तालुक्यात आता प्रश्न पात्रतेपेक्षा नोंदणी करून देणाऱ्या माणसाचा आहे, आणि त्याबाबत प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाला आलेला अनुभव कडूच म्हणावा लागेल.

लेखकाच्या आईची बोटे निंदणी-सोंगणीत झिजलेली असल्याने ई-केवायसीच्या वेळी, म्हणजे आधारवरून ओळख पटवताना, अंगठा यंत्रावर लागेना. तेव्हा गावातील एका सेवा केंद्राच्या चालकाने तो ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पुन्हा दाबला, "झालं, जा आता" असे सांगितले आणि मोफत मिळावयाच्या आयुष्मान कार्डाचे, म्हणजे योजनेच्या ओळखपत्राचे, पैसे घेऊन पुढे एक चकचकीत लॅमिनेशन केलेले कार्ड दिले. छत्रपती संभाजीनगरच्या एका अंगीकृत, म्हणजे योजनेत समाविष्ट, रुग्णालयात तेथील आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णांच्या मदतीसाठी योजनेनेच बसवलेल्या कर्मचाऱ्याने, त्या कार्डावरचा क्रमांक टाकला, तेव्हा पडद्यावर वडिलांचा फोटो उमटला: वडिलांच्याच कार्डावर आईचे नाव व छायाचित्र चिकटवून ते छापलेले होते, आणि आईची नोंद मुळात झालेलीच नव्हती. जाब विचारला असता चालकाने आधी सर्व्हरला दोष दिला, मग "तुमच्या आधारमध्येच लोचा आहे" असे ऐकवले. पैसे घेताना हा सर्व्हर कधीच बंद नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. शिधापत्रिका व आधार पाहून मार्ग काढला तो त्या आरोग्यमित्रानेच, आणि तोही एक पैसा न घेता.

यावरून निघणारी पहिली गोष्ट अशी की कार्ड छापले म्हणजे नोंद झाली, असे मानू नये. चालकाच्या पडद्यावर स्वतःच्या नावापुढे 'मंजूर' हा शेरा डोळ्यांनी पाहावा, किंवा घरातील मुलाने आयुष्मान ॲपवर क्रमांक तपासावा. शिधापत्रिकेवर 'शांताबाई' आणि आधारवर 'शांता' असा फरक असला, तर नावांचा मेळ कमी पडून अर्ज पडताळणीसाठी अडकू शकतो, म्हणून दुरुस्ती आधी करावी. अंगठा लागत नसल्यास चेहरा ओळखण्याची पद्धत मागावी. चालक ती आपण होऊन सुचवीलच असे नाही. कागदपत्रांच्या झेरॉक्स जवळ ठेवाव्यात, पावती मागावी, हे सर्वश्रुत आहे. शंका असल्यास दलालाला विचारण्यापेक्षा योजनेच्या १५५३८८ या मदत क्रमांकावर विचारावे.

ज्यांनी लोणार तालुक्यात अशा केंद्रांतून कार्डे काढली आहेत, त्यांनी आजारपणाची वाट न पाहता आपापला क्रमांक आताच तपासून घ्यावा.