लिलावातील चित्र आणि रानातील गेंडा

बाजार समितीच्या आवारात होणारा कांद्याचा लिलाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ढिगाभोवती व्यापारी जमतात, एक जण भाव बोलतो, दुसरा त्याहून चढा भाव बोलतो आणि बोली थांबली की सौदा पक्का होतो. याच पद्धतीने मोठमोठ्या शहरांत चित्रेही विकली जातात. काही वेळा तर त्या विक्रीचा पैसा चित्रकार स्वतःकडे न ठेवता आफ्रिकेतील हत्ती आणि गेंडे यांच्या रक्षणासाठी देऊन टाकतो.

चित्र विकून गेंडा कसा वाचेल, असे तुम्ही विचाराल. प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला थोडे प्राणिशास्त्र, थोडे अर्थशास्त्र आणि शेकडेवारीचे साधे गणित एवढेच लागेल.

विमाने काढणारा चित्रकार

डेव्हिड शेफर्ड यांचा जन्म इंग्लंडमध्ये १९३१ साली झाला. आफ्रिकेत जाऊन वन्य प्राण्यांचे रक्षक व्हावे अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी १९४९ साली ते केनियात गेले. पण तेथे त्यांना नोकरी मिळाली नाही. मायदेशी परतल्यावर कलाशाळेत प्रवेश मागितला, तोही नाकारला गेला. पुढे रॉबिन गुडविन या चित्रकाराने त्यांना शिकवले. शेफर्ड प्रथम विमानांची चित्रे काढू लागले.

१९६० साली ब्रिटनच्या हवाई दलाने त्यांना चित्रे काढण्यासाठी केनियात नेले. तेथील अधिकाऱ्यांना मात्र विमानांची चित्रे नको होती. त्यांना हवे होते त्या मुलखातील प्राणी. शेफर्ड यांनी गेंड्याचे चित्र काढले आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. त्याच सुमारास त्यांनी एक पाणवठा पाहिला. पाण्यात विष कालवलेले होते आणि भोवती २५५ झेब्रे मरून पडले होते. ज्या प्राण्यांच्या चित्रांवर आपले पोट भरते, त्या प्राण्यांचे ऋण फेडले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. २०१७ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी अमेरिकेत आपल्या चित्रांचा लिलाव केला आणि आलेल्या पैशातून झांबिया या देशाला एक बेल जेटरेंजर हेलिकॉप्टर घेऊन दिले. चोरट्या शिकाऱ्यांचा माग काढण्यासाठी ते वापरायचे होते. झांबियाचे अध्यक्ष केनेथ कौंडा यांनी परतभेट म्हणून त्यांना वाफेचे एक जुने इंजिन दिले, कारण शेफर्ड यांना आगगाड्यांचेही वेड होते! १९७३ साली त्यांनी 'टायगर फायर' या नावाचे वाघाचे चित्र काढले. त्यातून सुमारे १ लाख २७ हजार पौंड उभे राहिले आणि ते भारतातील वाघांच्या रक्षणासाठी देण्यात आले. आपल्याकडे व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तो याच वर्षी, आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाटही होते.

बोली कशी चढते?

आता लिलावाकडे वळू. समजा, हत्तीचे एक चित्र विक्रीला ठेवले आहे. एक गृहस्थ त्यासाठी मनातल्या मनात ५०० रुपयांपर्यंत जायला तयार आहेत, दुसरे ४०० पर्यंत आणि तिसरे १५० पर्यंत. बोली १०० पासून सुरू झाली. १५० च्या पुढे तिसरे गृहस्थ गप्प बसतील. ४०० च्या पुढे दुसरेही थांबतील. पहिल्या गृहस्थांनी ४१० म्हटले की 'एक वार, दोन वार, तीन वार' होऊन चित्र त्यांचे होईल. ते ५०० द्यायला तयार होते, तरी ५०० द्यावे लागले नाहीत.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. लिलावातील किंमत ठरवतो तो हरलेला शेवटचा माणूस! चित्र हवे असलेला एकच माणूस सभागृहात असेल, तर ते अगदी कमी किमतीला जाईल. म्हणून धर्मादाय लिलाव भरवणारे लोक एकाच धनवानाला न बोलावता अनेकांना बोलावतात. शिवाय अमुक किमतीच्या खाली विकायचे नाही, अशी किमान किंमतही आधीच ठरवून ठेवतात.

मग चित्राला एवढी किंमत का येते? कारण ते एकच असते. कांदा यंदा संपला तरी पुढच्या हंगामात पुन्हा येतो. मूळ चित्र मात्र दुसरे मिळत नाही. वस्तू दुर्मीळ आणि ती हवी असणारे अनेक, असे झाले की भाव चढतो.

तोच नियम, उलटा परिणाम

हाच नियम गेंड्याच्या शिंगालाही लागू पडतो, आणि खरी गोम येथेच आहे.

गेंड्याचे शिंग हाडाचे नसते. आपली नखे आणि केस ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनतात, त्याचेच ते बनलेले असते. तरीही पूर्व आशियातील पारंपरिक औषधांत त्याला मोठी मागणी होती. येमेन देशात खंजिराच्या मुठी त्यापासून करीत. हस्तिदंत म्हणजे हत्तीचे वाढलेले वरचे दात. त्याचा सुमारे एक तृतीयांश भाग कवटीच्या आत रुतलेला असतो. म्हणूनच चोरटे शिकारी हत्तीला ठार मारूनच तो काढतात.

चित्राची किंमत वाढली तर कोणाचे काही बिघडत नाही. उलट रक्षणासाठी जास्त पैसा मिळतो. शिंगाची किंमत वाढली की मात्र जास्त शिकारी रानात शिरतात. गेंडे कमी होतात. गेंडे कमी झाले की शिंग आणखी दुर्मीळ होते आणि भाव आणखी चढतो. म्हणजे गेंडा जितका कमी, तितका त्याच्या जिवाला धोका अधिक! हे दुष्टचक्र किती वेगाने फिरले ते पाहा. १९७० च्या सुमारास आफ्रिकेत सुमारे ६५,००० काळे गेंडे होते. १९९५ साली ते २,५०० हून कमी उरले.

वाढण्याचा वेग आणि मारण्याचा वेग

निसर्ग ही तूट भरून का काढत नाही? हत्तिणीचा गर्भकाळ २२ महिन्यांचा असतो. एका वेळी सहसा एकच पिल्लू होते आणि दोन पिलांमध्ये साधारण चार ते पाच वर्षांचे अंतर असते. गेंड्याच्या मादीचा गर्भकाळ सुमारे १५ महिन्यांचा असतो. असे प्राणी उंदरांसारखे भराभर वाढू शकत नाहीत.

समजा, एका रानात १०० हत्ती आहेत आणि नैसर्गिक मृत्यू वजा जाता ते दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतात. शिकार शून्य असेल, तर सुमारे १४ वर्षांत ते दुप्पट होतील. पण शिकाऱ्यांनी दरवर्षी ८ टक्के हत्ती मारले, तर कळप दर वर्षी ३ टक्क्यांनी घटेल आणि सुमारे २३ वर्षांत निम्मा होईल. शिकार ३ टक्क्यांवर रोखली, तर तोच कळप वर्षाला २ टक्क्यांनी वाढू लागेल. म्हणजे रक्षकांनी प्रत्येक शिकारी पकडलाच पाहिजे असे नाही. शिकारीचा वेग जन्माच्या वेगाखाली आणला पाहिजे. मात्र हे काम एक वर्ष करून भागत नाही. ते दर वर्षी करावे लागते.

झांबियात काय घडले?

आता त्या हेलिकॉप्टरकडे परत जाऊ. अशा हेलिकॉप्टरला एक तास उडायला सुमारे १०० लिटर इंधन लागते. वर्षाला ५०० तास उडवायचे म्हटले, तर ५०,००० लिटर झाले. वैमानिकाचा पगार, सुटे भाग आणि दुरुस्ती हे सगळे वेगळेच. शिवाय हेलिकॉप्टरमधून शिकारी दिसला, तरी त्याला पकडायला जमिनीवर माणसे हवीत. त्या माणसांना बूट, तंबू, अन्न आणि महिन्याच्या महिन्याला पगार हवा.

झांबियाचे उत्पन्न मुख्यतः तांब्याच्या निर्यातीवर अवलंबून होते. १९७५ च्या सुमारास जगाच्या बाजारात तांब्याचा भाव कोसळला आणि सरकारच्या तिजोरीला ओढ लागली. इकडे शिंगाचा भाव चढत होता. लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात एके काळी हजारो काळे गेंडे होते. १९९८ साली झांबियातून काळा गेंडा नाहीसा झाल्याचे जाहीर करावे लागले.

याचा दोष एका हेलिकॉप्टरला किंवा एका चित्रकाराला देता येणार नाही. पण यातून मिळणारा धडा स्पष्ट आहे. लिलावातून मिळणारा पैसा एकदाच मिळतो. राखणीचा खर्च मात्र रोजचा असतो. शेतात मचाण बांधले म्हणून पीक वाचत नाही. मचाणावर रोज रात्री कोणीतरी जागावे लागते.

गेंडा परत आला

हाच धडा पुढे अनेकांनी गिरवला. शेफर्ड यांनी १९८४ साली वन्यजीवांसाठी आपल्या नावाची कायमची संस्था स्थापन केली. अधूनमधून मोठी देणगी देण्याऐवजी दर वर्षी पैसा उभा करून तो आफ्रिका आणि आशियातील कामांना पुरवत राहायचे, हा त्यामागील हेतू होता. चित्रविक्री आणि चित्रस्पर्धा ही त्या संस्थेची साधने झाली.

बाजाराच्या बाजूनेही प्रयत्न झाले. १९७९ साली आफ्रिकेत सुमारे १३ लाख हत्ती असावेत असा अंदाज होता; दहा वर्षांत ते निम्म्याहून कमी झाले. तेव्हा १९८९ साली हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले. त्याच वर्षी केनियाने जप्त केलेल्या सुमारे १२ टन हस्तिदंताची जाहीर होळी केली. एवढा किमती माल का जाळावा, असे वाटेल. पण हस्तिदंत जिवंत हत्तीवरच शोभतो, त्याला बाजारात किंमत नसावी, हेच केनियाला जगाला सांगायचे होते.

झांबियाच्या उत्तर लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात फ्रँकफर्टची प्राणिशास्त्र संस्था १९८६ पासून सातत्याने मदत करीत आहे. आधी रक्षकांची गस्त पक्की झाली, शिकार आटोक्यात आली आणि मग २००३ साली दक्षिण आफ्रिकेतून ५ काळे गेंडे आणून तेथे सोडण्यात आले. पुढील काही वर्षांत आणखी आणले गेले, आणि नाहीशा झालेल्या प्राण्याची पिले त्या रानात पुन्हा जन्मू लागली. साऱ्या आफ्रिकेत मिळून काळ्या गेंड्यांची संख्या आता सहा हजारांच्या वर गेली आहे. १९९५ पासून हिशेब केला, तर ही वाढ वर्षाला सरासरी साडेतीन टक्के एवढीच भरते. पण दिशा वरची आहे, आणि ती टिकवायची तर गस्त एक दिवसही थांबवून चालणार नाही.

करून पाहा

१. वर्गातील एका विद्यार्थ्याने काढलेले चित्र लिलावाला ठेवा. प्रत्येकाला कागदाचे १०० गुण द्या. आपण जास्तीत जास्त किती गुण देऊ, हे प्रत्येकाने आधी चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी घडी करून ठेवावी. लिलाव झाल्यावर चिठ्ठ्या उघडा. अंतिम किंमत सर्वांत मोठ्या आकड्याजवळ येते की दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्याजवळ, ते तपासा.

२. एका उद्यानात २०० गेंडे आहेत. ते नैसर्गिकरीत्या वर्षाला ४ टक्क्यांनी वाढतात. पहिल्या वर्षी त्यांची संख्या घटू नये यासाठी शिकारीत जास्तीत जास्त किती गेंडे गेलेले चालतील?

३. एका संस्थेला लिलावातून १० लाख रुपये मिळाले. एका वनरक्षकाचा वर्षाचा खर्च २ लाख रुपये आहे. सगळे पैसे खर्च केले, तर ५ रक्षक किती वर्षे ठेवता येतील? त्याऐवजी रक्कम ८ टक्के व्याजाने ठेवली आणि केवळ व्याज खर्च केले, तर वर्षाला किती पैसे मिळतील? कोणता मार्ग केव्हा बरा, यावर वर्गात चर्चा करा. चर्चेत एक गोष्ट विसरू नका: शिकारी दाराशी आला असेल, तर व्याजाची वाट पाहायला गेंडा उरत नाही.