नदीकाठची जागा श्रावणात बघावी

बोरिवली-दहिसरची माणसं पालघर-बोईसरकडे जागा बघायला साधारण दिवाळीनंतर निघतात. हवा छान असते, रस्ते सुके असतात, सूर्या नदीचं पाणी संथ असतं. वाघोबा खिंड उतरून मासवणच्या पुलाशी गाडी थांबवली की दोन्ही काठांची झाडी बघून निम्मा व्यवहार तिथेच होतो. एजंट लोक हे ओळखून असतात. पावसाळ्यात त्यांना फोन करा, "साहेब, आता रस्ता खराब आहे, नोव्हेंबरात या," असंच सांगतील.

निवृत्तीनंतरच्या घरासाठी आम्हीही या पट्ट्यात फिरत होतो. फेब्रुवारीत आवडलेली एक जागा मी जुलैत, एजंटला न कळवता, पुन्हा बघायला गेलो. भातखाचर कुठे संपतं आणि प्लॉट कुठे सुरू होतो ते कळेना. कुंपणाच्या वरच्या तारेला काडीकचरा अडकलेला. बांधावरच्या काकांना विचारलं, "दरवर्षी एवढं पाणी येतं?" ते म्हणाले, "धरणाचं पाणी सोडलं का याच्याहून जास्त. पाडा वर कशाला बसवलाय मग?"

सूर्येवर वरच्या अंगाला धामणी धरण आहे, खाली कवडासचा बंधारा. पावसाचा जोर वाढला की विसर्ग सुरू होतो आणि काठच्या गावांना इशारा दिला जातो. इथले जुने पाडे उंचवट्यावर आणि खाचरं खाली का, हे त्या दिवशी कळलं. पुराचं पाणी जिथवर चढतं त्या रेषेला सरकारी भाषेत पूररेषा म्हणतात: पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाचा विचारच सोडा. तुमच्या नदीला या रेषा आखल्या आहेत का, हे जलसंपदा विभागात विचारा. आखलेल्या नसतील तर गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा. वैतरणेकाठी आणखी एक गोष्ट बघायची. या नदीत भरतीचं पाणी समुद्रापासून बरंच आत चढतं, त्यामुळे किनारा नियमन क्षेत्राचे नियम अशा ठिकाणीही लागू होतात जिथे समुद्र दिसतसुद्धा नाही. आणि खाडीच्या पाण्याशेजारची विहीर एप्रिलमध्ये चाखून बघा; मचूळ लागली तर पुढचं बोलणं थांबवा.

कागदांचं प्रकरण याहून मोठं. सातबारा मागितला की एजंट मोबाइलवर फोटो दाखवतो. त्यावर समाधान मानू नका. महाभूलेखवरून स्वतः काढा, आणि क्षेत्रफळाआधी 'इतर अधिकार' हा रकाना वाचा. तिथे कुळाचं नाव आहे का, कूळकायद्याच्या कलम ४३ चा शेरा आहे का, वर भोगवटादार वर्ग-२ लिहिलंय का. मग जुने फेरफार काढून जमीन आधी कोणाची होती, कोणाकडून कशी आली ते बघा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने. यावर मला मिळालेला सल्ला असा: "आदिवासी वॉचमन ठेवालच ना, त्याच्याच नावावर घ्या. कब्जा तुमचा." सल्ला देणारा हे इतकं सहज बोलला की मला त्याचाच राग आला. १९४५ चा वारल्यांचा लढा याच मुलुखातला. सावकार-जमीनदारांच्या घशात गेलेल्या जमिनींचा इतिहास इथे घराघरात माहीत आहे. कायदा पळवाटा शोधण्यासाठी केलेला नाही, आणि असे व्यवहार उलटले की पैसेही जातात, जमीनही.

शेतजमीन घ्यायला तुम्ही मुळात शेतकरी असावं लागतं, हे शहरातले बरेचजण विसरतात. 'फार्महाउस प्लॉट' म्हणून शेतीचे दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे विकतात, तिथे तुकडेबंदी कायदा आडवा येतो. माझ्या मेव्हण्याचा इसार अशाच एका व्यवहारात अडकला. बिनशेतीचा (एनए) आदेश आणि मंजूर रेखांकन हातात पडल्याशिवाय एक रुपया देऊ नका. 'एनए प्रस्तावित' या शब्दांना काही अर्थ नाही.

नदी जवळ म्हणजे पाण्याची चिंता मिटली, हाही गैरसमज. मासवणहून सूर्येचं पाणी उचलून वसई-विरारकडे जातं. तुमच्या नळाला किती वेळ पाणी येतं, हे शेजाऱ्याला मे महिन्यात विचारायचं.

बोईसरला घर बघणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: ज्या इमारतीत घर घेणार तिच्या आसपास एक रात्र काढा. तारापूर औद्योगिक वसाहत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात देशात पहिली होती, आणि तिथल्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमार मांगेला समाजाची संघटना हरित लवादात गेली होती. वास दुपारी येईलच असं नाही. बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या, रंग बघून ठरवू नका.

रोज मुंबईला जाणाऱ्यांनी डहाणू लोकलचं वेळापत्रक समोर ठेवून हिशोब करावा. २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली खरी, पण विरारसारखी दर काही मिनिटांनी गाडी इथे नाही. एक चुकली की फलाटावर बसून राहायचं.

हल्ली भाव सांगताना वाढवण बंदर आणि बुलेट ट्रेनचं बोईसर स्थानक यांची नावं आधी घेतात. बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये झालं, हे खरं. पण मासवणच्या झाडीत निवांत राहायला निघालेल्या माणसाने बंदराचा भाव का मोजायचा, हे मी एजंटला विचारलं. त्याने दुसरा प्लॉट दाखवायला घेतला.