डोंगर नसलेल्या रानात

सह्याद्रीत वाट चुकली तरी जीव फारसा घाबरा होत नाही. मान वर केली की एखादा सुळका, किल्ल्याचा बुरूज, निदान घाटमाथ्याची कड दिसते आणि आपण कुठे आहोत ते उमगते. लखनौला संसार थाटल्यावर ही सवय निरुपयोगी ठरली. इथून सीतापूर, लखीमपूर करत थेट दुधव्याच्या जंगलापर्यंत जा, वाटेत साधे टेकाड लागत नाही. पुढे तराईचे सपाट रान सुरू होते. एकासारखी एक सालाची झाडे आणि काही ठिकाणी माणूस बुडेल एवढे गवत. या मुलखात निर्धास्त वावरायला मला नव्याने शिकावे लागले. दुधव्यात पायी भटकायची मुभा नाही, म्हणून सराव केला तो घराच्या गच्चीवर, कुकरैलच्या जंगलात आणि मलिहाबादच्या आमरायांत.

1. दिशा आभाळात शोधावी

आपल्याकडे मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस मोठ्या हौसेने पाहतात. लखनौ कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने इथे तो कधीच येत नाही. भर दुपारची सावली बाराही महिने उत्तरेलाच पडते. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत ती चक्क दक्षिणेला जाते, त्यामुळे तिथे या खुणेवर डोळे मिटून विसंबता येत नाही. शिवाय इथली खरी मध्यान्ह घड्याळातल्या बाराच्या आसपासच होते, पुण्यात साडेबाराच्या सुमारास. मात्र जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लखनौतही मीटरभर काठीची सावली जेमतेम सहा सेंटिमीटर भरते, तेव्हा ती बारकाईने पाहावी लागते.

रात्री ध्रुवतारा. हात सरळ ताणून मूठ वळा, एक डोळा मिटा आणि मुठीची खालची कड क्षितिजाला टेकवा. एका मुठीची उंची साधारण दहा अंश. मग दुसऱ्या हाताची मूठ तिच्यावर ठेवा. पुण्यात दोन मुठी पुऱ्या व्हायच्या आतच ध्रुव येतो. लखनौत तो सत्तावीस अंशांवर, म्हणजे पावणेतीन मुठींवर असतो. सप्तर्षी मावळले असतील तर शर्मिष्ठेवरून त्याचा माग काढता येतो. माझ्या मुलीने हे गच्चीवर आठ-पंधरा दिवसांत आत्मसात केले. त्यानंतर अंधारात बाहेर पडायची तिची भीती निम्म्याने उतरली.

2. धुक्यात चालत राहू नये

डिसेंबर-जानेवारीत इथे असे धुके उतरते की समोरचे झाड दिसत नाही. सूर्य नाही, तारे नाहीत, डोंगर तर मुळातच नाहीत. आपल्याकडे रानात चकवा लागतो म्हणतात, त्याला शास्त्राचा आधार आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी 2009 साली दाखवून दिले की सूर्य दिसत नसेल तर सरळ रेषेत चालतोय असे मनापासून वाटत असतानाही माणूस गोल फिरून आपलीच वाट पुन्हा ओलांडतो. सूर्य दिसत असला की तोच माणूस बऱ्यापैकी सरळ जातो. तेव्हा वाट हरवल्याची शंका आली की जागच्या जागी थांबावे, अंगावर कोरडे गरम कपडे चढवावेत आणि थोड्या थोड्या वेळाने शिट्टीचे तीन-तीन आवाज काढावेत. शिट्टी गळ्यातच हवी. पिशवीच्या तळाशी गेलेली शिट्टी वेळेला सापडत नाही.

3. उकळलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी असे नाही

खळखळ उकळी एक मिनिट टिकली की रोगजंतू मरतात. डोंगरातल्या झऱ्याला एवढे पुरते. पण लखीमपूर खेरी, बहराइच या तराईच्या जिल्ह्यांत अनेक ठिकाणी भूजलात आर्सेनिक आहे. ते उकळून जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. चव नाही, वास नाही, रंगही नाही. कमी खोलीच्या खासगी हातपंपांना हा धोका जास्त असतो. गावात शिरल्यावर मी आधी विचारते, पिण्याचे पाणी कोणत्या पंपाचे भरता? ‘बिटिया, इसका मत पीजो’ असे सांगणारी एखादी अम्मा भेटतेच, आणि तिचा शब्द मी शेवटचा मानते.

4. मच्छरदाणी खोचायला शिकावे

कौशल्य म्हणून हे कुणी मोजत नाही, मी मात्र पहिल्या पंक्तीत बसवते. इथे ज्याला करैत म्हणतात ती आपली मण्यार. पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, वेदना फारशी होत नाही, दातांच्या खुणाही धड दिसत नाहीत. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात, तोवर मोलाचे तास निघून गेलेले असतात. मच्छरदाणीची कड नुसती लोंबत सोडून उपयोग नाही. चारही बाजूंनी ती अंथरुणाखाली हातभर आत सारावी, कोपरे दुमडून दाबावेत, आणि आत शिरल्यावर आपण आलो ती बाजू आतून पुन्हा खोचावी. खाट मिळाली तर उत्तमच.

दंश झालाच तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांतले काहीही करू नये. अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, तो अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवावा आणि माणसाला चालू न देता रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. झाडफूक करणाऱ्याकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही, हे मी गावोगावी बोलून दाखवते, कुणाला राग आला तरी.

5. विस्तव अंगणात शिकावा

राखीव जंगलात आग पेटवणे 1927 च्या वन अधिनियमानुसार गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा. दमट हवेत गोवरीचा तुकडा धरवणे अंगणातही शिकता येते.

6. उसात वाकू नये

तराईतल्या वाघाला उभा ऊस आणि उंच गवत यांत फरक वाटत नाही. नोव्हेंबरपासून तोड सुरू झाली की त्याचा आडोसा जातो आणि तो हलतो. पण वाघ तराईपुरता राहतो असेही नाही. डिसेंबर 2024 मध्ये लखनौच्या वेशीवर रहमानखेड्याला, केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेच्या परिसरात एक वाघ आला आणि मार्च 2025 मध्ये पकडला जाईपर्यंत तीन महिने तिथे राहिला. आमराईत एकटे जाऊ नका, असे तेव्हा लोकांना बजावले जात होते. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. म्हणून उसाच्या कडेने जाताना चपलेचा पट्टासुद्धा बसून लावू नये, मोकळ्यात येऊन लावावा. जोडीने, मोठ्याने बोलत चालावे. समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नये, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे. माझी मुलगी आता बांधावरून गाणे म्हणतच जाते, आणि दोन्ही बाजूंना ऊस उभा दिसला की मी हाक मारायच्या आत गाडीवाटेवर येते.