डिस्क प्लेट गंजली: पुसायची, घासायची की बदलायची?

पावसात रात्रभर अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्क प्लेटवर सकाळी तांबूस थर दिसतो. तो पाहून घाबरू नका. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत चार-पाच वेळा ब्रेक दाबला की पॅड तो पुसून काढतात. खर्च शून्य.

खर्चाचा प्रश्न येतो तो गंजाने प्लेटला पडणाऱ्या खड्ड्यांचा. मोटारसायकलची प्लेट स्टेनलेस स्टीलचीच असते, पण घरातल्या ताट-वाट्यांच्या स्टीलइतकी ती गंजरोधक नसते. भांड्यांच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम, तर प्लेटमध्ये ११ ते १३ टक्के. प्लेट झिजू नये म्हणून ती कडक केलेली असते आणि त्या कडकपणाची किंमत गंजाच्या रूपात मोजावी लागते. अशा स्टीलचा मोठा शत्रू म्हणजे क्लोराइड, आणि तो आपल्या गाडीवरूनच प्रवास करतो. खताच्या गोणीतले म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. १०:२६:२६ सारख्या मिश्रखतातही पोटॅश बहुधा त्याच रूपात असते. फुटक्या गोणीतले दाणे, वर काळ्या मातीचा ओला चिखल, आणि गाडी तशीच आठ दिवस उभी, एवढे पुरेसे आहे. खारपाणपट्ट्यातून जुनी गाडी घेत असाल तर तिथल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याने ती वर्षानुवर्षे धुतली गेली असेल. सौदा ठरण्याआधी प्लेट बघा.

बघायचे ते असे. प्लेट कोरड्या फडक्याने पुसा आणि नख आडवे फिरवा. पॅड घासतो त्या पट्ट्याबाहेर, कडेला किंवा मधल्या भागावर गंज असेल तर तो दिसायला वाईट, बाकी काही नाही. घासणाऱ्या पट्ट्यात सुईच्या टोकाएवढे विखुरलेले ठिपके असतील आणि नख अडकत नसेल, तर प्लेट चालेल. नख अडकते असे खड्डे घोळक्याने असतील तर ते नवे पॅडही किसणीसारखे खातात. छिद्रापासून निघालेली चीर दिसली तर चर्चा संपली, प्लेट बदला. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर आणखी एक खूण सापडते. पॅडखाली ओल अडकून त्याच आकाराचा डाग कोरला जातो आणि ब्रेक दाबताना लिव्हरला हिसके बसतात. मुलगा पुण्याला गेला आणि गाडी घरी झाकून ठेवली, अशा घरांत हे फार दिसते.

मग जाडी मोजा. प्लेटवरच किमान जाडी कोरलेली असते. लहान मोटारसायकलींत नवी प्लेट बहुधा ४ मिलिमीटरची आणि मर्यादा ३.५ ची असते, पण आपल्या प्लेटवरचा आकडाच खरा धरा. लेथच्या दुकानात व्हर्नियर असतो, पण त्यात एक फसगत आहे. कडेची न झिजलेली धार उंच राहते आणि व्हर्नियर तिच्यावर टेकून जास्त जाडी दाखवतो. दोन्ही बाजूंना एकेक नाणे धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. माझ्या भाच्याला एका गॅरेजात "प्लेट गेली" सांगून अठराशेचा अंदाज दिला होता. मोजली तर ३.८ निघाली. दोष कॅलिपरच्या गंजून जाम झालेल्या पिनांचा होता आणि काम तीनशेच्या आत झाले.

आता पैशांचे. पुढचे आकडे अंदाजासाठी आहेत, मॉडेलप्रमाणे बदलतील. वरवरच्या गंजाला १५०-२२० नंबरचा पॉलिश पेपर आणि ब्रेक क्लीनरचा स्प्रे लागतो. पेपर वीस-तीस रुपयांचा, स्प्रे तीनशेच्या आसपास, आणि तो अनेकदा पुरतो. १२५ ते १६० सीसीच्या गाडीचे पॅड दोनशे ते पाचशे, कॅलिपर उघडून पिना साफ करून खास ग्रीस लावण्याची मजुरी दीडशे ते तीनशे. कंपनीची नवी प्लेट बाराशे ते दोन हजार, ३५० सीसीला त्याच्या दीडपट ते दुप्पट. प्लेट बदलली तर पॅडही नवेच घाला. जुने पॅड जुन्या खड्ड्यांच्या आकारात झिजलेले असतात. ब्रेक ऑइलची पाइप मात्र प्लेट बदलताना उघडावी लागत नाही. त्यामुळे बिलात ऑइलचे पैसे लागले तर कारण विचारा. ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर बदलणे योग्यच आहे, कारण ते हवेतली ओल शोषते.

लेथवर प्लेट "फेस" करून घेण्याचा स्वस्त उपाय सुचवला जातो. माझे मत स्पष्ट आहे: करू नका. मुळात अर्धा मिलिमीटर झिजायची मुभा. खोल खड्डा काढताना तीच संपते.

चाक काढताना एबीएसच्या गाडीची दातेरी रिंग वाकणार नाही, एवढे मिस्त्रींना आवर्जून सांगा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. काम झाल्यावर गाडी थोडी चालवल्यावरही एबीएसचा दिवा विझला नाही तर तिथूनच परत फिरा.

वॉशिंग सेंटरवर चाकांजवळ डिझेल मारू देऊ नका. तेल पॅडमध्ये मुरले की ब्रेक लागतच नाही आणि पॅड फेकावे लागतात. गंज घालवायला ऑइल किंवा ॲसिड तर प्लेटला कधीच लावू नका. नवे पॅड बसल्यावर मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगातून दहापर्यंत वीसेक वेळा हळूहळू ब्रेक लावा. त्याआधी भरधाव जाऊ नका.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. एमआरपीत कर धरलेलाच असतो, त्यावर वेगळा कर कोणी लावू शकत नाही. पक्के बिल घ्या, जुनी प्लेट आणि नव्या मालाचे पाकीट मागून घ्या. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.