सुटीतील संशोधक

सोलापूरचा उन्हाळा तुम्हांला नवा नाही. जून उजाडला, की शेतकऱ्यापासून यंत्रमाग कामगारापर्यंत सर्वांचे डोळे आभाळाकडे लागतात. ढग येतात, पण पुष्कळदा न बरसताच निघून जातात. असे का होते?

याचे एक कारण तुम्ही भूगोलात वाचले आहे. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि घाटमाथ्यावर भरपूर पाऊस पाडतात. आपल्यापर्यंत पोहोचताना त्यांतील बाष्प कमी झालेले असते. म्हणून आपला जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. मग आपल्या ढगांतील पाणी थोडे जास्त खाली आणता येईल का? याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात शास्त्रज्ञ सोलापुरात आले होते. ते पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे होते. १९६२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था आयआयटीएम या नावाने ओळखली जाते.

ढगातील जलकण फार सूक्ष्म असतात. असे सुमारे दहा लाख कण एकत्र येतात, तेव्हा पावसाचा एक थेंब तयार होतो. कण लवकर मोठे व्हावेत म्हणून शास्त्रज्ञांनी विमानातून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचा धूर सोडला. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, ते तुम्ही पाहिलेच असेल. हा क्षारही तसाच हवेतील ओलावा ओढून घेतो. या क्रियेला ‘मेघबीजन’ म्हणतात.

यातील खरी गंमत पुढे आहे. शास्त्रज्ञांनी शेकडो ढग निवडले. पण त्यांपैकी काही ढगांत मुद्दाम बीज टाकलेच नाही! का बरे? बीज टाकले आणि पाऊस पडला, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. तो ढग कदाचित आपोआपही बरसला असता. म्हणून दोन्ही प्रकारच्या ढगांची तुलना करावी लागते. डॉ. थारा प्रभाकरन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के अधिक पाऊस पडल्याचे त्यांत दिसले. मात्र आभाळात योग्य ढगच नसतील, तर बीज टाकून काही उपयोग नाही, हेही लक्षात ठेवा.

आता तुम्ही विचाराल, असे काम करणारी माणसे घडतात कोठे? केवळ पुस्तके वाचून संशोधक होता येत नाही. सुताराचा मुलगा रंधा हातात धरूनच शिकतो. तसेच हे आहे. म्हणून अनेक संस्था महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुटीत आपल्याकडे बोलावतात. पुण्यात आयआयटीएम आहे. खगोलशास्त्रासाठी १९८८ मध्ये स्थापन झालेली ‘आयुका’ ही संस्था आहे. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक होते. अहमदाबादला डॉ. विक्रम साराभाई यांनी १९४७ मध्ये स्थापन केलेली भौतिक संशोधन प्रयोगशाळा आहे. तिरुपतीजवळ गादंकी येथे वातावरणाचा अभ्यास करणारी मोठी रडार यंत्रणा आहे. याशिवाय देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात.

तेथे विद्यार्थी काय करतो? पहिल्याच दिवशी त्याला कोणी विमानात बसवत नाही. एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्याला एक लहानसा प्रश्न मिळतो. मोजमापांचे आकडे तपासायचे, चुकीचे आकडे वेगळे काढायचे, आलेख काढायचे. कधी आठवडाभर राबूनही उत्तर सापडत नाही. शेवटी अहवाल लिहायचा आणि सर्वांसमोर उभे राहून आपले काम समजावून सांगायचे.

हे ऐकून तुमच्या मनात शंका येतील. अब्बा म्हणतील, “सुटीत चार पैसे मिळव, घराला हातभार लाव.” त्यांचे म्हणणे चूक नाही. पण अशा अनेक योजनांत विद्यावेतन मिळते, हे त्यांना सांगा. अम्मी म्हणतील, “मुलीने परगावी एकटीने कसे राहायचे?” तेव्हा संस्थेचे पत्र त्यांना दाखवा, राहण्याची सोय आधी विचारून घ्या आणि आपल्या शिक्षकांना घरी बोलावून अम्मी-अब्बांशी बोलायला सांगा. तामिळनाडूतील सेंगोट्टै या लहान गावी शिकलेल्या निगार शाजी पुढे सूर्याच्या अभ्यासासाठी २०२३ मध्ये सोडलेल्या ‘आदित्य एल-१’ मोहिमेच्या प्रकल्प संचालक झाल्या. त्यांनाही एके दिवशी घराचा उंबरठा ओलांडावाच लागला.

तिसरी शंका भाषेची. “आम्ही उर्दू माध्यमाचे, आम्हांला कोण घेणार?” मुलांनो, ढगाला भाषा नसते. अशा प्रयोगशाळांत मल्याळी, तेलुगू, बंगाली, मराठी अशा सर्व भाषांची माणसे शेजारी बसून काम करतात. मात्र अर्जात ‘मला हे काम का करायचे आहे’ ते थोड्या शब्दांत लिहावे लागते. नेमके लिहिण्याची ती सवय आजपासूनच लावा. मग भाषा कोणतीही असो.

एक गोष्ट गाठीला बांधा. उन्हाळ्याच्या कामाचे अर्ज पुष्कळदा काही महिने आधीच मागवले जातात. हुशार मुले मागे राहतात, ती गुण कमी पडले म्हणूनच असे नाही, तर मुदत संपल्यावर बातमी कळली म्हणूनही. म्हणून संस्थेची सूचना वेळीच आणि स्वतः वाचा.

आणि महाविद्यालयात जाईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, २०१९ मध्ये नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युविका’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या निवडीत आठवीचे गुण आणि विज्ञान प्रदर्शनातील सहभाग यांचा विचार होतो. तेवढेही नको असेल, तर सरळ उभ्या कडांचे एक भांडे गच्चीवर ठेवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी त्यातील पाणी पट्टीने मोजा, वहीत लिहा आणि भांडे रिकामे करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. पाऊस पडला नाही, त्या दिवशी शून्य लिहा. तो शून्यही तितकाच महत्त्वाचा आहे. पावसाळा संपेल, तेव्हा तुमच्या मोहल्ल्याच्या पावसाचा हिशेब फक्त तुमच्या वहीत असेल. संशोधन म्हणतात ते हेच.

शब्दार्थ
संशोधन – तहकीक. बाष्प – पाण्याची वाफ. पर्जन्यछाया – डोंगराआडचा कमी पावसाचा भाग. निष्कर्ष – नतीजा. विद्यावेतन – वजीफा. मुदत – मीआद.

स्वाध्याय
१. शास्त्रज्ञांनी काही ढगांत बीज का टाकले नाही?
२. ‘गाठीला बांधणे’ आणि ‘हातभार लावणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
३. ‘मला आभाळाविषयी काय जाणून घ्यायचे आहे?’ यावर दहा ओळी लिहा.